एटिमॉटिक ईआर-४ एसआर : तंबोऱ्यासोबत नऊ महिने

पहिल्या दिवशी हे इअरफोन कानात घातले आणि मन खट्टू झालं. डग्गा बारीक, आवाज कोरडा, सगळं कसं निवडून ठेवल्यासारखं. एवढे पैसे घालून हे काय आणलं, असं वाटत राहिलं. माझ्या आधीच्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये समेची थाप छातीवर पडल्यासारखी यायची. आज नऊ महिन्यांनी ते जुने कानात घातले की दहा मिनिटांच्या आत काढून ठेवते.

मी ऐकते ते बहुतेक ख्यालगायन, थोडं नाट्यसंगीत, थोडे अभंग. आठ वर्षं गाणं शिकले, पुढे नोकरीत रियाज सुटला, ऐकणं मात्र सुटलं नाही. घरात आईचा मिरजेचा तंबोरा आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मत त्या तंबोऱ्यावर उभं आहे. ज्यांना डीजे किंवा धडाकेबाज सिनेसंगीत ऐकायचंय त्यांना माझं मत फारसं कामाचं नाही.

वस्तूबद्दल थोडक्यात. पहिला ईआर-४ आला १९९१ मध्ये. एटिमॉटिक ही अमेरिकेतली कंपनी, श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले अभियंते मीड किलियन यांनी १९८३ मध्ये काढलेली. एसआर आणि त्याचं जरा जास्त बेसवालं भावंड एक्सआर, दोन्ही २०१६ चे. तेव्हाची किंमत ३४९ डॉलर. आत प्रत्येक कानाला एकच बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा इवलासा भाग असतो, श्रवणयंत्रात वापरतात त्या जातीचा. खोक्यात त्याच जोडीचा मोजून काढलेला आलेख येतो, सिरियल नंबरसकट. डाव्या-उजव्या कानाच्या रेषा त्यावर जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या दिसतात.

हे कानात घालणं हाच एक धडा आहे. तीन छत्र्या एकावर एक असलेली सिलिकॉनची टिप असते. ती जरा ओलसर करायची, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची आणि सावकाश आत सरकवायची, नेहमीच्या इअरफोनपेक्षा बरीच खोल. पहिला आठवडा मला हे अजिबात जमलं नाही, आणि माझा ‘बारीक डग्गा’ निम्मा तरी तिथूनच आला होता. टिप नीट बसली नाही, कुठे फट राहिली, की खालचे स्वर त्या फटीतून निघून जातात. मी लहान मापाची टिप लावली आणि डग्गा जागेवर आला. या इअरफोनच्या घडणीमागचा विचार मला फार आवडला. कानाच्या नळीला स्वतःचा घुमारा असतो, साधारण २७०० हर्ट्झच्या आसपास. उघड्या कानाने ऐकताना तेवढा पट्टा आपोआप वर उचलला जातो आणि आपण जन्मापासून जग तसंच ऐकत आलेलो असतो. नळी बुजली की तो घुमारा जातो, मग इअरफोनलाच तो परत द्यावा लागतो. ईआर-४ ची सगळी घडण याच हिशोबावर झाली आहे.

आता तंबोरा. आईचा तंबोरा पेटीच्या काळी चार या पट्टीला लागतो. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची पितळी तार साधारण १०४ हर्ट्झला बोलते. तार छेडल्यावर क्षणभराने तिच्यातून गंधार वर येतो, तो स्वयंभू गंधार. हिशोबाने तो खर्जाच्या पाचपट, म्हणजे ५१९ हर्ट्झच्या आसपास. जवारी (घोडीवर तारेखाली सूत सरकवून साधलेला झंकार) चांगली असेल तर तो न शोधता सापडतो. एका रविवारी सकाळी आईने तंबोरा लावला, मी हातभर अंतरावर फोन ठेवून पाच मिनिटं रेकॉर्ड केलं. मग समोर खरा तंबोरा आणि हातात दोन्ही इअरफोन, असं आलटून पालटून ऐकलं. फोनच्या माइकमुळे आवाज थोडा बदललेलाच असणार, पण तो दोघांसाठी सारखाच.

जुन्या इअरफोनमध्ये खर्ज भारदस्त वाटला, खऱ्यापेक्षाही मोठा. आणि त्या घूं-मध्ये गंधार बुडालेला होता. मुद्दाम शोधला तर सापडायचा, पुन्हा बुडायचा. एसआरमध्ये खर्ज आटोपशीर वाटला, मग त्याच्या वर पंचम आणि त्याच्या पाठोपाठ गंधार, समोरच्या भोपळ्यातून येतो तसाच. बेस फुगवला की तो आपल्या वरच्या स्वरांना झाकतो हे मी वाचलं होतं, त्या सकाळी कानाने कळलं. आईलाही ऐकायला दिलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, “अगं, तिसऱ्या तारेचं सूत सरकलंय बघ.” स्वतः छेडताना तिच्या लक्षात आलं नव्हतं. घोडीवरचं ते सूत तिने नखाने केसभर मागे घेतलं आणि तार पुन्हा उघडी बोलायला लागली. इअरफोनच्या आवाजाचा पोत मी यावरून ठरवते: घरातल्या वाद्याची खोड त्यात ऐकू येते का.

अशी तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो थोडा जरी मोठा वाजतो तो आपल्याला सरस वाटतो. मी सुरुवातीला इथेच फसत होते, कारण एसआर त्याच व्हॉल्यूमला बराच हळू वाजतो (त्याचा विद्युत रोध ४५ ओहम, फोनला जरा जोर लावावा लागतो). आता फोन आणि इअरफोनच्या मध्ये जोडायचा एक साधा डोंगल वापरते, त्याने काम भागतं.

नऊ महिन्यांत जुन्या ध्वनिमुद्रणांकडे नव्याने वळले, ही मोठी कमाई. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मी आधी खरखरीला कंटाळून बंद करायचे. इथे खरखर कमी होत नाही, उलट स्पष्ट ऐकू येते, पण ती एका बाजूला राहते आणि आवाज तिच्यामागून निघत निघत पुढे येतो. किशोरीताई आमोणकरांच्या स्वरमंडळाचा झंकार पूर्वी नुसती चमक वाटायचा, आता एकेक तार मोजता येते. तबल्याची चाट (कडेची पट्टी) आणि शाई (मधला काळा भाग) यांच्या आवाजातला फरक इतका उघड आहे की साथीदार कुठे बोट ठेवतोय याचा अंदाज येतो. टाळाचा आवाज टोचत नाही. आणि ज्या मैफिलीचं मुद्रण वाईट आहे ते वाईटच ऐकू येतं, तिथे हा इअरफोन काही सांभाळून घेत नाही.

मात्र भीमसेन जोशींच्या मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, जो घुमारा सभागृहात अंगावर येतो, तो यात नाही. स्वर बरोबर आहे, वजन कमी आहे. डग्ग्याचं मींडकाम रेषेसारखं स्वच्छ दिसतं, पण तळहाताखालची ती ऊब येत नाही. रात्री अगदी हळू आवाजात ऐकलं तर हे जास्त जाणवतं, कारण आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर आधी कमी ऐकू येतात. सवयीने हे भरून निघेल असं मला वाटलं होतं, पूर्ण निघालं नाही. भजनी मंडळाची पखवाज-टाळांची घनगर्जना ऐकायची असेल तर मी आजही घरातले स्पीकर लावते. मैफल समोर पसरल्यासारखीही वाटत नाही, सगळं डोक्याच्या आत, जवळ घडतं. गायक एकटा आणि दोन तंबोरे असतील तर मला ते उलट आवडतं.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी तंबोरा अचानक उजवीकडे सरकला. मधोमध असणारा गायकही त्याच्यासोबत गेला. ड्रायव्हर गेला म्हणून माझा जीव खालीवर झाला, रात्रभर झोप नाही. सकाळी डाव्या नळीच्या तोंडाशी बसलेली इवलीशी गाळणी भिंगाखाली पाहिली, कानातल्या मळाने पूर्ण भरली होती. सोबतच्या हत्याराने ती ओढून काढली, नवी बसवली, आणि गायक मधोमध येऊन बसला. इतकं खोल घालायचं तर हे होणारच. तेव्हापासून दर आठवड्याला टिपा साबणाच्या पाण्याने धुते, पूर्ण वाळल्याशिवाय लावत नाही.

लोकलमध्ये हे वरदान आहे. बाहेरचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी होतो, तोही बॅटरीशिवाय, त्यामुळे व्हॉल्यूम वाढवावाच लागत नाही. पण याच कारणाने रस्त्यावर चालताना मी कधीच घालत नाही, मागून येणारी रिक्षा ऐकूच येत नाही. वायर कपड्यावर घासली की ठक-ठक कानात उमटते; कॉलरला क्लिप लावली की पुष्कळ कमी होते. सलग दीड तासाच्या वर कानात राहवत नाहीत, काढताना सावकाश काढावे, झटका दिला तर कान दुखतो.

एक्सआर एकदा पूर्ण दिवस ऐकायला मिळाला. डग्ग्याला थोडं अंग आलं, भीमसेनजी बरे वाटले. आईच्या रेकॉर्डिंगमधला गंधार तिथेही होता, थोडा मागे सरकलेला. मी एसआरच ठेवला. गाळण्यांची शेवटची जोडी उरली आहे, या महिन्यात नवीन मागवायच्या आहेत.