वॅगनआरला मागे डिस्क पॅड, फक्त ९,५०० रुपयांत

माझ्या वॅगनआरला मागे ड्रम ब्रेक आहेत, डिस्क नाहीच. तरी गणपतीला चिपळूणला निघायच्या दोन दिवस आधी मी मागच्या डिस्क पॅडचे ३,८५०, डिस्क घासल्याचे १,४००, दोन व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या नळ्या) १,८००, ब्रेक ऑइलचे ६५० आणि मजुरी १,८००, असे ९,५०० रुपये भरले. वर दोनदा ‘थँक यू’ म्हणालो.

तक्रार एवढीच होती की हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागत होता. गॅरेजवाला म्हणाला, "मागचे पॅड संपलेत. आईला घेऊन घाट उतरणार ना साहेब?" झालं! पुढे कोण काय विचारणार?

माझी चूक झाली ती इथे. झिजलेला तुकडा त्याने माझ्या हातात दिला. चपटा, साबणाच्या वडीएवढा. ड्रममधले ब्रेक शू चंद्रकोरीसारखे असतात, दोन शू बाहेरच्या बाजूला उघडून ड्रमला आतून घासतात, हे आज मी झोपेतही सांगेन. तेव्हा मान डोलावली. चाकाच्या फटीतून डोकावलो असतो तरी कळलं असतं: पुढे चकचकीत तबकडी, मागे काळा लोखंडी डबा. दहा वर्षं धुतोय गाडी! पण मी बँकेत काम करतो, मेकॅनिक नाही. डॉक्टरने एक्स-रे दाखवला तर आपण काय हाडं मोजतो?

चिपळूणला पोचलो तरी हँडब्रेक तसाच. तिथल्या मेकॅनिकने चाक काढलं. ड्रम हबला गंजून चिकटलेला. ड्रमच्याच भोकांत दोन बोल्ट आवळून त्याला बाहेर रेटलं, हातोडीने ठोकलं, तेव्हा तो सुटला. आत काळी भुकटी, जुने शू, त्यांच्यावरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनर, शाबूत. सिलिंडर गंजलेले, तेच जुने. "हे कधी कुणी उघडलेलंच नाही दादा." शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा ॲडजस्टर अडकला होता, तो साफ केला, केबल ताणली. ३५० रुपये. आता पाचव्या कटकटीला हँडब्रेक लागतो.

मागच्या ब्रेकवर पुढच्यापेक्षा भार कमी असतो, शू सहसा पॅडपेक्षा जास्त टिकतात. माझी गाडी ६२,००० किलोमीटर चाललीय. ‘मागचे संपले’ म्हणाला की ड्रम तुमच्यासमोर उघडायला लावा. काचेच्या केबिनमध्ये चहा पीत बसू नका, मी बसलो होतो.

पुण्यात परतल्यावर पोलीस चौकीत गेलो. "पक्कं बिल?" नव्हतं. कच्च्या चिठ्ठीवर गाडीचा नंबरसुद्धा नाही. "मग हे दिवाणी प्रकरण." आरटीओत म्हणाले गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नंबर मिळाला, आठवड्याने मेसेज आला, तक्रार बंद. का बंद? फोन केला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. तीन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा त्या मुलीने विचारलं, "सर, डिस्क म्हणजे सीडी का?" चौकीतल्या हवालदाराने तर जाताना माझ्याकडूनच विचारून घेतलं, त्याच्या गाडीचा ब्रेक किंचाळतो ते का.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. तिथे जाणार आहे. पण पैसे यूपीआयने दिलेत तेवढाच पुरावा, म्हणून रोख देऊ नका, जीएसटी वाचवून देतो म्हणाला तर आधी तिथून निघा. आणि जुने पार्ट मागून घ्या, पण ते आपल्याच गाडीचे आहेत का बघा. मला दिलेला पॅड अजून डिकीत आहे. कुठल्या गाडीच्या पुढच्या चाकातला, देव जाणे.