जुना टीव्ही, जुना फोन: भंगारात की अधिकृत केंद्रात?

भंगारवाला दारात येतो, जागेवर पैसे देतो, जड टीव्ही जिना उतरवून नेतो. ही सोय मोठीच. पण पुढे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. हे सगळं तिथे राबणाऱ्यांच्या, कित्येकदा त्यांच्या लेकरांच्याही अंगात जातं.

ई-कचरा, म्हणजे अशा टाकाऊ विजेच्या वस्तू, गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात पैसे कमी मिळतात, कधी मिळतच नाहीत. तरी मी तेच निवडते. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण वस्तू तिथवर पोचवायची आपणच. पुण्यात तर कचरावेचकांची ‘स्वच्छ’ संस्थाही ई-कचरा गोळा करते.

फोन देण्याआधी डेटा पुसा. बॅटरी फुगली असेल तर तसं आवर्जून सांगा, ती पेट घेऊ शकते.