बॅकफ्लिप की उकेमी?
लढतीतल्या उपयोगापुरतं बोलायचं तर जुदोची उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याचं तंत्र, कितीतरी पुढे आहे. उजवीकडून पुढे लोळताना हनुवटी छातीला लावा. आधी हाताची बाहेरची कड टेकते, मग उजवा खांदा, तिथून पाठीवरून तिरपं डाव्या कमरेपर्यंत. शेवटी डावा हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर सपकन आपटायचा. तो जास्त फाकला तर धक्का थेट खांद्यात जातो. रस्त्यावर पाय घसरला तरी हीच कामी येते.

बॅकफ्लिपमध्ये क्षणभर प्रतिस्पर्धी दिसतच नाही, आणि हवेत दिशा बदलता येत नाही. नवखे उंची मिळण्याआधीच डोकं मागे टाकतात, म्हणून गुडघ्यांवर पडतात. वुशू या चिनी युद्धकलेच्या ताओलूत, म्हणजे ठरलेल्या हालचाली सादर करण्याच्या स्पर्धेत, अवघड उड्यांना गुण आहेत. त्यासाठी जरूर शिका, पण जाड गादीवर, प्रशिक्षकाचा हात कमरेला असताना.