सहा माणसं, कोकमाचे कॅन आणि कराडहून आणलेली जुनी अर्टिगा

घरात माणसं सहा. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दारात गाडी होती ती छोटी हॅचबॅक, तीही बारा वर्षांची. त्यात माझा आमसुलं, आगळ (कोकमाचा रस) आणि आंबापोळीचा घरगुती उद्योग. एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत गुहागरहून चिपळूणला आठवड्याला एक तरी फेरी ठरलेली. माणसं बसली की कॅन घरी राहायचे, आणि कॅन भरले की सासूबाईंची गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख पुढे जायची. म्हणून 2023 च्या दिवाळीनंतर जुनी मोठी गाडी शोधायला लागलो. आता त्या गाडीने आमच्याकडे दोन पावसाळे काढलेत. किनाऱ्यावर राहून जुनी गाडी घेणाऱ्याला उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते आहे.

मला खरी हवी होती स्टेशन वॅगन. माझ्या मामांकडे टाटाची इंडिगो मरिना होती. पुढून साधी मोटार आणि मागे छतापर्यंत उघडणारी डिकी. मामा राजापूरहून हापूसच्या पेट्या आणायचे तेव्हा मागची सीट पाडली की नुसती सपाट जागा व्हायची. गाडी बुटकी, त्यामुळे पेटी फार वर उचलावी लागत नसे. ती सोय डोक्यात बसली होती. पण आपल्याकडे ही जात टिकली नाही. मरिना गेली, मारुतीची बलेनो अल्टुरा गेली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बीही गेली. एखादी मरिना विकायला निघालीच तर तिची पंधरा वर्षं भरलेली किंवा भरत आलेली असतात. मग आरसीचं, म्हणजे नोंदणीपत्राचं नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी, वर पर्यावरण कर. तो व्याप नको वाटला, म्हणून मारुतीच्या अर्टिगावर आलो. ही 2012 साली बाजारात आली आणि 2018 च्या शेवटी तिचं मोठं, नव्या अंगाचं मॉडेल आलं. ते आमच्या पैशात बसत नव्हतं. पहिल्या पिढीतली, 2015 नंतरची, पेट्रोल, एवढं नक्की केलं. डिझेल मुद्दाम टाळलं, कारण आमचं चालणं महिन्याला जेमतेम आठशे-नऊशे किलोमीटर.

पहिली गाडी बघितली ती एका दलालाकडे. पांढरी, आतून बाहेरून चकचकीत, किंमत बाजारापेक्षा लाखभर कमी. सोबत शृंगारतळीचा आमचा मिस्त्री होता. त्याने बॉनेट उघडायच्या आधी मला सांगितलं, "वहिनी, मधल्या सीटचा पट्टा ओढा. अडेल तिथपर्यंत पूर्ण ओढा."

मी ओढला. हाताशी असलेला पट्टा धुऊन काळा कुळकुळीत केलेला. पण शेवटची वीतभर बाहेर आली ती तपकिरी. बोटांना पिठासारखा बारीक गाळ लागला, आणि त्याचा वास मी ओळखला. माझं माहेर चिपळूणचं. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठीचं पाणी उतरलं तेव्हा आठ दिवस आम्ही फावड्याने घरातून हाच गाळ काढत होतो. दलाल म्हणत होता की पावसात काच उघडी राहिली असेल. काचेतून आलेलं पाणी पट्ट्याच्या गुंडाळीच्या आतपर्यंत गाळ घेऊन जात नाही. मिस्त्रीने मग सीट पुढे सरकवून, ती ज्यांवर सरकते त्या खालच्या लोखंडी पट्ट्या दाखवल्या. वरून रंग मारलेला, पण बोल्टांच्या खाचांत गंज. गालिचाही कोरा करकरीत होता. सात वर्षांच्या गाडीला नवा गालिचा का लागावा, हे तिथल्या तिथे विचारलं तर उत्तर आलं नाही.

पुरात बुडालेली गाडी विकूच नये असं मी म्हणत नाही, पण सांगून विकावी. वायरिंगच्या जोडात शिरलेलं पाणी वर्ष-दोन वर्षांनी बोलतं, आणि ते नेमकं घाटात, पावसात, रात्री बोलतं. माणसं बसतात हो त्या गाडीत. चिपळूण काय किंवा 2019 आणि 2021 चे कोल्हापूर-सांगलीचे पूर काय, त्या भागातली गाडी असेल तर विमा कंपनीकडे त्या वर्षी क्लेम झाला होता का, हे मालकाकडून कागदासकट मागा.

दुसरी गाडी आमच्याच तालुक्यातली, समुद्राला लागून घर असलेल्या गृहस्थांची. फक्त 48 हजार किलोमीटर चाललेली. ह्यांना फारच आवडली होती. रॅम्पवर चढवली तर खालून सगळी नव्या काळ्या कोटिंगने माखलेली. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत मागे नेलं. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाच्या आत एके ठिकाणी नुसता ठप्प असा आवाज. टोक लावलं तर कोटिंगचा पापुद्रा सुटला आणि पत्र्याचा भुगा त्याच्या कपाळावर पडला. ही गाडी पर्यटकांना घेऊन वाळूवर फिरत होती, हे नंतर गावातूनच कळलं. भरतीच्या पाण्यातून गाडी नेली की मीठ सांध्यासांध्यांत बसतं, आणि त्याच्यावर कोटिंग मारलं तर गंज आतल्या आत वाढत राहतो. कोरा पत्रा दाखवणारी गाडी घ्या, थोडा वरवरचा गंज दिसला तरी चालेल. आमच्याकडे विकायला काढण्याच्या आदल्या आठवड्यात मारलेलं कोटिंग म्हणजे बहुतेक वेळा झाकण असतं.

तेव्हाच ठरवलं की गाडी घाटावरची, समुद्रापासून लांब राहिलेली घ्यायची. मीटरवरच्या आकड्यापेक्षा गाडीने पावसाळे कुठे काढले, हे आमच्यासाठी मोठं. मीटर मागे फिरवता येतं, पत्रा फिरवता येत नाही.

कराडला एका डॉक्टरांची 2016 ची अर्टिगा, व्हीएक्सआय म्हणजे मधल्या दर्जाचं मॉडेल, करड्या रंगाची, एमएच-50 पासिंगची, 71 हजार चाललेली मिळाली. कुंभार्ली घाट चढून पाटणमार्गे मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याला दिवसाचे दीड हजार आणि जेवण दिलं, तो सगळ्या व्यवहारातला सर्वांत कामी आलेला खर्च. डॉक्टरीणबाईंनी सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल समोर ठेवली. प्रत्येक पावतीवर तारखेपुढे किलोमीटर लिहिलेले असतात, ते एकाखाली एक वाचत गेलं की मीटर खरं की खोटं ते कळतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ह्या गाडीचे दोन टायर 2016 चेच होते. एवढ्या किलोमीटरला ते जुळतं, पण टायर म्हातारे झाले, म्हणून त्याचे पैसे कमी करून घेतले. काचांवरही वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एकाच सालच्या, फक्त पुढची डावी वेगळी निघाली. बाईंनी आपण होऊनच सांगितलं की फाटकाला घासून फुटली होती. लपवलं नाही, तिथेच माझं मन बसलं. सकाळी गाडी थंड असताना चालू करून बघितली, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबून क्लच घसरतो का पाहिलं, खड्ड्यातून नेऊन पुढच्या चाकांच्या जोडातल्या खालच्या रबरी बुशचा आवाज ऐकला. बुश वाजत होते. 5 लाख 40 हजारांवरून 5 लाख 10 हजारांना सौदा झाला.

कागदपत्रांत एक गोष्ट अडली. डॉक्टरांचं कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवरून बँकेचं नाव उतरवलेलंच नव्हतं. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 होईपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर मी विसार देऊन ठेवला, पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि तुम्हीही देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नव्हे. रत्नागिरीच्या आरटीओतून आपल्या नावाची आरसी हातात येईपर्यंत पाठपुरावा करायचा. ई-चलन बाकी आहे का ते गाडीच्या नंबरावरून ऑनलाइन दिसतं. एक होतं, डॉक्टरांनी भरलं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाचे पैसे आपल्याला भरावे लागतात. आमचे साडेतीन हजार गेले. आणि गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असली तर नवी सुरक्षित नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवलेली आहे का बघा.

आता गाडी वापरायला कशी आहे ते सांगते.

सासूबाईंसाठी हिची सीट अगदी बरोबर उंचीवर आहे. जीपसारखं चढावं लागत नाही, जुन्या गाडीसारखं खाली वाकून पडावं लागत नाही. दार उघडून पाठ टेकवायची, बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, ह्यात उठताना कुणाचा हात लागणार नाही मला." मधली सीट मागेपुढे सरकते, तिच्या डोक्यावर एसीचा वेगळा झोत आहे. मे महिन्यात त्याची किंमत कळते. तिसरी रांग मुलांची. मोठ्या माणसाने तिथे बसून शृंगारतळीपर्यंत यावं, मुंबईला जाऊ नये. आणि तिसरी रांग उभी असली की मागे उरते ती 135 लिटरची डिकी, म्हणजे दोन पिशव्या आणि एक नारळाचं पोतं. सात माणसं अधिक सामान हे गणित ह्या गाडीत सुटत नाही, हे घेण्याआधी समजून घ्या. आमचं सहसा पाच माणसं अधिक सामान असतं. मग तिसरी रांग अर्धी पाडायची, अर्धी ठेवायची. पूर्ण पाडली की आगळाचे पाच लिटरचे कॅन मी मोजून चोवीस उभे लावते, वर आंबापोळीचे डबे. गेल्या वर्षी गणपतीची मूर्ती चित्रशाळेतून ह्याच जागेत, पाट ठेवून, सासऱ्यांनी मांडीशी धरून आणली. पूर्वी ह्याच कामासाठी टेम्पो सांगावा लागायचा.

1.4 चं पेट्रोल इंजिन सपाटीवर गोड चालतं. भरल्या गाडीला कुंभार्ली चढताना मात्र दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं, आणि एसी चालू असला तर आधीपासून तयारी ठेवावी लागते. मला ॲव्हरेज मिळतो घाटात 12, चिपळूण-गुहागर 15, आणि महामार्गाला लागलं की 17 च्या आसपास. तवसाळ-जयगड फेरीबोटीच्या उतारावर जुनी गाडी दर वेळी पोटाला घासायची, ही एकदाही घासलेली नाही. बोटीतून उतरलं की मात्र त्याच दिवशी गाडी धुते.

गंजाशी रोजचं नातं आहे आमचं. दर शनिवारी खालून गोड्या पाण्याने धुणं चुकत नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुऊ नका, मीठ घालून मीठ काढल्यासारखं होतं. दारांच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, आमच्या लाल मातीने ती बुजतात आणि दार आतून कुजायला लागतं. मी झावळीच्या हिराने ती मोकळी करते, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा. हीर वाकतो पण रंग खरवडत नाही. गाडी घेतल्यावर महिन्याभरात, पत्रा पूर्ण सुकवून, मिस्त्रीच्या देखत खालून कोटिंग करून घेतलं. दोन पावसाळ्यांनंतर रॅम्पवर चढवून परत ठोकून बघितली, सगळीकडे टण.

आतापर्यंतचा खर्च म्हणजे पुढचे बुश, एक बॅटरी, दोन टायर आणि दोन सर्व्हिसिंग, मिळून 38 हजार. रस्ते आमचे असे, बुश पुन्हा जातील.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगून ठेवते. ह्या गाडीची स्टेपनी डिकीत नसते, मागे पोटाखाली वायरला टांगलेली असते आणि डिकीतून पान्याने फिरवून खाली सोडायची असते. घेताना आम्ही ती नुसती वाकून बघितली, उतरवून बघितली नाही. गेल्या जुलैत मार्गताम्हाण्याच्या पुढे संध्याकाळी सातला पंक्चर झालं, बाहेर धो धो पाऊस, आत सासूबाई आणि धाकटा. पान्याने फिरवलं तर वायर जागची हलेना, गंजून धरलेली. एका टेम्पोवाल्या दादांनी थांबून तेल सोडलं, हातोड्याने ठोकून ती सोडवली, पाऊण तास गेला. पैसे घेतले नाहीत त्यांनी, म्हणून दुसऱ्या दिवशी आगळाची बाटली पोचवली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठा मुलगा स्टेपनी खाली उतरवतो, वायरला ग्रीस लावतो, हवा बघतो आणि परत चढवतो. जुनी अर्टिगा बघायला जाल तेव्हा मालकासमोर ती स्टेपनी उतरवून दाखवायला सांगा.