टर्नरचा तौलनिक कोश (ऑनलाइन): बडोद्यातल्या मराठी घरांनी नक्की वापरावा असा

घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि टीव्हीवर हिंदी, असं ज्यांचं ज्यांचं चालतं त्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. आर. एल. टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या साइटवर फुकट आहे, मोल्सवर्थचा १८५७चा मराठी कोशही तिथेच आहे, पण मोल्सवर्थ बऱ्याच जणांना माहीत असतो, टर्नर फार कमी लोक उघडतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

कोशाची रचना अशी की वर एक संस्कृत शब्द आणि त्याच्याखाली त्याची सगळी पोरंबाळं, पाली, प्राकृत, मग काश्मिरी, सिंधी, पंजाबी, नेपाळी, बंगाली, हिंदी, गुजराती, मराठी, कोकणी, सिंहली, इतकंच नाही तर युरोपातल्या रोमा लोकांची बोलीसुद्धा. त्यांच्याकडेही पाणी म्हणजे पानीच आणि कान म्हणजे कन, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. १९६२ ते १९६६ या काळात हा कोश भागाभागाने छापला गेला, चौदा हजारांवर नोंदी आहेत, आणि १९६९ साली निघालेली शब्दसूची टर्नर यांच्या पत्नी डोरोथी यांनी केली होती. ज्या शब्दावर फुलीसारखी चांदणी दिसते तो शब्द कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही, खालच्या भाषांवरून अंदाजाने उभा केलेला आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर आपण तो खराखुरा संस्कृत शब्द म्हणून लोकांना सांगत सुटतो.

आता हा कोश बडोद्यात का हवा ते सांगते. आपल्याला बाहेरगावचे नातेवाईक सारखं ऐकवतात की तुमची मराठी गुजरातीने बिघडवली, आणि आपणही मान डोलावतो. पण एक संध्याकाळ या कोशात घालवा आणि बघा, दोन भाषा किती शिस्तीत वेगळ्या झाल्यात. गुजरातीत जिथे छ आहे तिथे मराठीत स. खंडेराव मार्केटात छरी मागायची, घरी येऊन तीच सुरी. त्यांचं छ, आपलं सहा. त्यांचं वाछरडुं, आपलं वासरू, दोन्ही वत्सरूपाखाली. माछली आणि मासा, मत्स्याखाली. त्यांचं पूछवुं म्हणजे आपलं जुनं पुसणे, 'खुशाली पुसली' यातलं. आणि गंमत म्हणजे फरशी पुसणे हा वेगळाच शब्द आहे, तो हिंदीतल्या पोंछनाचा भाऊ, पण दोघांमधला छ मराठीत येऊन स झाला आणि दोन वेगळे शब्द आपल्याकडे एकाच रूपात उभे राहिले! कुठल्याही शाळेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

क्षचंही तसंच. काही प्राकृतांत क्षचा ख झाला, काहींत छ, आणि तो छ मराठीत पुढे स किंवा श झाला, म्हणून त्यांचं खेतर आणि आपलं शेत, त्यांची माखी आपली माशी, त्यांची कूख आपली कूस. पण हा नियम सरसकट लावायचा नाही बरं का, कारण राखणे, शिकणे, खीर, लाख हे शब्द मराठीतही ख-च्याच वाटेने आलेत, आणि शिकणेमध्ये तर त्या खचा पुढे क झालाय. हिंदीचा हिशोब आणखी वेगळा, तिथे वचा ब होतो, बाघ, बीस, बिजली, आणि इथे मराठी-गुजराती एका बाजूला, वाघ, वीस, वीज-वीजळी. गुजरातीतलं बे आपल्याला परकं वाटतं ना, पण आपली पोरं पाढा म्हणताना बे एके बे, बे दुणे चार असंच म्हणतात!

दुसरा मोठा फायदा म्हणजे सारखं दिसलं की नातं आहेच असं नसतं हे नीट कळतं. दुकान, जमीन, बाजार हे शब्द तिन्ही भाषांत जवळपास सारखे आहेत कारण ते तिन्ही भाषांनी फारसीकडून घेतलेत, त्यामुळे ते या कोशात शोधू नका. बटाटाही नाही, तो पोर्तुगीजांबरोबर आलेला. अक्का, अण्णा यांच्यासाठी बरो आणि एमेनो यांचा द्राविडी भाषांचा कोश बघावा लागतो, तोही त्याच साइटवर आहे.

अडचणी आहेत. सगळं रोमन लिपीत आहे, वर रेघा खाली टिंबं, अर्थ इंग्रजीत, भाषांची नावं एका-दोन अक्षरांत, त्यामुळे पहिले काही दिवस वाचताना डोकं दुखतं. मराठी क्रियापदं करणें, पुसणें अशी अनुस्वारासकट, आजीच्या वहीत असतात तशी. शब्द वाक्यात कसा वापरायचा हे कळणार नाही, तो या कोशाचा उद्देशच नाही. आणि लॅटिन, इंग्रजीपर्यंतचं नातं हवं असेल तर इथे मिळणार नाही, गोष्ट संस्कृतपासून सुरू होते.

टर्नर हा माणूस आपल्या दोन्ही भाषांच्या जवळचा होता हे मला विशेष वाटतं. १९१६ साली त्यांनी मराठीतल्या स्वराघातावर निबंध लिहिला, १९२१ मध्ये गुजरातीच्या ध्वनींवर, आणि पहिल्या महायुद्धात गुरखा पलटणीत असल्यामुळे नेपाळीशी जवळीक झाली, १९३१ साली त्यांचा नेपाळी कोश आला. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी करून घेतलेला राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला 'श्री सयाजी शासन कल्पतरू'सुद्धा १९३१चाच. शब्द शेजारी शेजारी मांडून बघायची आवड या शहराला जुनी आहे, आता ती फोनवर चालू ठेवायला काय हरकत आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण देवनागरी नाही म्हणून कापला. मुलं गुजराती मीडियममध्ये असतील तर आधी एक ते वीस आकडे आणि शरीराचे अवयव त्यांच्याबरोबर बसून शोधा, छ-सचा नियम त्यांचा त्यांना सापडू द्या, लगेच सांगू नका. मोठ्यांनी सरळ क्ष-वाल्या शब्दांपासून सुरुवात करावी, आणि शेजारच्या बेनना बरोबर घेतलंत तर उत्तम, कारण खेड्यातले जुने गुजराती शब्द त्यांनाच माहीत असतात.