दंडावरचं बीपी मशीन सोप्यात (घराच्या पुढच्या भागात) कितपत चालतं?

मशीन चांगलंय, पण बनवलंय टेबल-खुर्चीच्या घरासाठी. बेळगाव भागात, खानापूर-निपाणीकडं माणूस सोप्यात जमिनीवर बसतो, हात मांडीवर टाकतो. हात काळजाच्या पातळीपेक्षा 10 सेंमी खाली गेला की आकडा 7-8 नं वाढलाच! पाटावर उशी ठेवून त्यावर हात टेकवला की भागतं. पट्टा 22 ते 32 सेंमी घेराच्या दंडाचा. त्याहून भरदार दंडाला तो तोकडा पडतो नि बीपी उगाच चढं दिसतं. मोठा पट्टा खोक्यातच हवा होता. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवू नका, दंड आवळतो. बाहीतून हात काढूनच घ्या. पट्टा कोपरापासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूनं. पाच मिनिटं गप्प बसायचं, मोजायचं, मिनिटभरानं पुन्हा.

खरी खोट बटणांत. जुने आकडे दाखवणारं नि सुरू करायचं, दोन्ही सारखीच. मशीन बोलतं हिंदी-इंग्रजी, आजीला कळतं मराठी, नाहीतर कन्नड. आशाताईंना (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना) मशीन वाटण्याआधी पाच-सहा घरांत काही न शिकवता नुसतं बघत बसावं. बोट जिथं अडतं, तिथं दोन्ही भाषांत चिठ्ठी डकवावी. सेल उतरले की पट्टा अर्धवट फुगतो. चार पेन्सिल सेल जवळ ठेवा.