क्योतोतील कैसेकी: काउंटरवर बसावे की ऱ्योतेईच्या खोलीत?

क्योतोच्या मुक्कामात एकच मोठे कैसेकी, म्हणजे एकामागून एक पदार्थ वाढले जाणारे उंची जपानी जेवण, बसवता येणार असेल, तर ते कुठे घ्यावे हा निर्णय मिशेलिनचे तारे मोजून होत नाही. तिथे सारख्याच तोलामोलाचे आचारी दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या घरांत काम करतात. एक म्हणजे आठ-दहा खुर्च्यांचा लाकडी काउंटर, जिथे मुख्य आचारी आपल्या डोळ्यांदेखत कापतो, भाजतो आणि वाढतो. या पद्धतीला कप्पो म्हणतात. दुसरे म्हणजे ऱ्योतेई, अर्थात बाग, तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, स्वतंत्र खोल्या आणि सरकत्या दारातून एकेक पदार्थ घेऊन येणाऱ्या सेविका असलेले जुने घर. दोन्हीकडे ऋतूनुसार ठरलेली पदार्थांची मालिका असते आणि बिलाचा आकडाही बरेचदा जवळपास सारखाच येतो. त्यामुळे आपल्याला आचाऱ्याचा हात पाहायचा आहे की घराचे आतिथ्य अनुभवायचे आहे, हे आधी ठरवावे लागते. माझा कल काउंटरकडे आहे. मात्र काही जणांनी तो टाळावा, असेही माझे स्पष्ट मत आहे.

काउंटरची पद्धत तुलनेने नवी आहे. क्योतोच्या गिओन भागात १९२७ साली सुरू झालेले हामासाकु हे तिच्या आद्य घरांपैकी एक मानले जाते. त्याआधी उंची जेवणाचे स्वयंपाकघर पाहुण्यांच्या नजरेआड असे. कप्पोने ते पुढे आणून ठेवले. गिओन सासाकीसारख्या ठिकाणी संध्याकाळी सगळ्यांचे जेवण एकाच वेळी सुरू होते आणि पंगतीसारखा प्रत्येक पदार्थ सर्वांपुढे एकदमच येतो. या शिस्तीत एक मोठा लाभ दडलेला आहे: कोणताही पदार्थ आपली वाट पाहत थांबलेला नसतो.

हा लाभ सर्वाधिक जाणवतो तो झाकणाच्या वाडग्यातून येणाऱ्या निवळ साराच्या वेळी. कैसेकीचा जीव या वाडग्यात असतो, असे मला वाटते. उन्हाळ्यात त्यात बहुधा हमो नावाचा लांबट, सापासारखा मासा असतो. त्याच्या मांसात इतके बारीक काटे असतात की ते काढणे शक्य नसते, म्हणून आचारी जड सुरीने दर तीन सेंटिमीटरला चोवीस-पंचवीस चिरा देतो आणि तरीही खालची कातडी अखंड ठेवतो. काउंटरवर बसलेल्याला त्या सुरीचा करकर असा एकसारखा आवाज ऐकू येतो. तुकडा गरम पाण्यात पडताच पांढऱ्या फुलासारखा उलगडतो, वाडग्यात जातो, त्यावर दाशी ओतली जाते, युझू या लिंबासारख्या फळाच्या सालीची एक चकती पडते आणि झाकण लागते. दाशी म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचा अर्क. कोंबू उकळत्या पाण्यात नव्हे, तर साधारण साठ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवण्याची पद्धत क्योतोच्या अनेक नामांकित आचाऱ्यांनी स्वीकारली आहे आणि त्यासाठी रिशिरी बेटावरच्या कोंबूला तिथे विशेष मान आहे. काउंटरवर हा वाडगा ओतल्यापासून काही क्षणांत हाती येतो आणि झाकण उघडताच उठणारी वाफ हाच त्या पदार्थाचा पहिला घास असतो.

ऱ्योतेईत तोच वाडगा लांब ओसरीवरून चालत येतो. तिथली माणसे या अंतराची कसर काढायला शिकलेली आहेत: झाकणे घट्ट बसणारी असतात आणि अनेकदा त्यांवर पाण्याचे थेंब शिंपडलेले असतात, म्हणजे स्वयंपाकघरातून निघाल्यावर त्याला कोणी हात लावलेला नाही हे पाहुण्याला कळावे. झाकण रुतून बसले, तर जोर लावून ओढू नये. वाडग्याची कड दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली की आत हवा शिरते आणि झाकण सुटते. तरीही त्या पहिल्या वाफेची जी धार काउंटरवर मिळते ती इथे थोडी बोथट होते, हे मान्य करावेच लागते.

त्याच्या बदल्यात ऱ्योतेई जे देते ते काउंटर कधीच देऊ शकत नाही. नानझेन-जी मंदिराच्या वाटेवरचे ह्योतेई चारशे वर्षांहून जुने आहे. वाटसरूंना चहा देणाऱ्या टपरीपासून त्याची सुरुवात झाली आणि आतून अर्धवट मऊ राहिलेले तिथले अंडे आजही त्या घराची ओळख आहे. हिगाशियामा भागातील किकुनोई १९१२ पासून चालू आहे आणि त्याच्या तिसऱ्या पिढीतील योशिहिरो मुराता यांनी जपानी आहारपरंपरेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळावे म्हणून झालेल्या प्रयत्नांत पुढाकार घेतला होता. अशा घरात शिरल्यावर पाणी शिंपडलेली पायवाट, तोकोनोमात, म्हणजे खोलीतल्या सजावटीच्या कोनाड्यात, टांगलेले त्या महिन्याला साजेसे चित्र, त्याखाली ठेवलेले एखादेच फूल आणि मग त्या फुलाशी नाते सांगणारी पहिली थाळी, असा सगळा क्रम जुळवलेला असतो. मूळ कैसेकी सोळाव्या शतकात चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या चहासंस्कारातून आली आणि पाहुणा येण्याआधीच त्याच्यासाठी केलेल्या तयारीचा तो भाव ऱ्योतेईत जास्त शाबूत आहे. भांड्यांच्या बाबतीतही ऱ्योतेई सहसा वरचढ ठरते, कारण जुन्या घरांच्या कोठारात पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली मातीची आणि उरुशी या झाडाच्या चिकाचे लेप दिलेली भांडी असतात.

म्हणून दोघे जण असतील, स्वयंपाकात खरा रस असेल आणि अनोळखी लोकांशेजारी दोन-अडीच तास बसणे जड जात नसेल, तर काउंटर निवडावा. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल, घरगुती गप्पा मोकळेपणाने व्हाव्यात असे वाटत असेल किंवा सोबत मुले असतील, तर ऱ्योतेईची खोलीच योग्य. लहान मुलांना काउंटरवर बहुतेक ठिकाणी प्रवेश नसतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तातामीला घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ ऱ्योतेईंत आता टेबल-खुर्च्या किंवा पाय सोडून बसण्यासाठी खड्डा असलेले बैठे टेबल मिळते, मात्र ते आरक्षणाच्या वेळीच मागून घ्यावे.

खर्चाच्या बाबतीत दुपार आणि रात्र यांतला फरक काउंटर आणि खोली यांतल्या फरकापेक्षा मोठा असतो. नावाजलेल्या घरी रात्रीचे जेवण माणशी तीस हजार येनच्या पुढे सहज जाते, काही ठिकाणी पन्नास हजारांच्याही वर. दुपारी त्याच घरात अनेकदा निम्म्या खर्चात भागते. त्यावर १० टक्के उपभोग कर आणि बहुतेक ठिकाणी १० ते १५ टक्के सेवाशुल्क येते. टिप द्यायची नसते. ऱ्योतेईला दुपारीच जावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण बाग उजेडात दिसते आणि घराचा अर्धा आनंद तिच्यातच असतो. काउंटरवरचे मोठे आचारी मात्र आपली पूर्ण ताकद रात्रीच्या जेवणात लावतात. हात आखडता ठेवायचा असेल, तर ह्योतेईच्या शेजारच्या उपगृहातील सकाळची तांदळाची पेज आणि तिच्यासोबतचे छोटे पदार्थ हा फार चांगला मार्ग आहे.

ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासगृहात, राहून खोलीतच कैसेकी घेणे हा तिसरा पर्याय नेहमी सुचवला जातो. फुयाचो रस्त्यावरची तावाराया आणि १८१८ सालची हिइरागिया ही घरे थोर आहेत, पण तिथे आपण मुक्कामाचे पैसे भरतो. केवळ जेवणासाठी हा विचार करू नये.

शाकाहाऱ्यांनी मात्र या सगळ्या तुलनेआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कैसेकीत मासा ताटातून बाजूला काढला, तरी तो दाशीच्या रूपाने उकडलेल्या भाजीत, वाफवलेल्या अंड्यात, पालेभाजीत, अगदी शेवटच्या मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सारातही राहतो. छोट्या काउंटरवर एकच दाशी सगळ्यांसाठी केलेली असते, त्यामुळे तिथला आचारी शाकाहारी पाहुण्याला नकार देतो, तो उर्मटपणा नव्हे. आपले काम त्याला नीट करता येणार नाही हे तो प्रामाणिकपणे सांगत असतो. मोठ्या ऱ्योतेईत पुरेसे आधी कळवल्यास वेगळी सोय होण्याची शक्यता अधिक असते. पण माझ्या मते शाकाहाऱ्याने तडजोडीचे कैसेकी घेण्यापेक्षा शोजिन ऱ्योरी घ्यावे. झेन मठांचे हे जेवण मुळातच शाकाहारी आहे, त्याची दाशी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची असते आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरातील माणसाला ते परके वाटू नये. आराशियामातील तेनर्यू-जी मंदिराच्या आवारात शिगेत्सु येथे दुपारी ते मिळते आणि कैसेकीच्या तुलनेत खर्चही बराच कमी असतो. कंदमुळे न खाणाऱ्या जैनांची अडचण मात्र तिथेही सुटत नाही, कारण मुळा, कमळकंद आणि अळकुड्या या जेवणात नेहमीच्याच आहेत.

ऋतूचाही विचार करावा. जुलैमधील गिओन उत्सवाच्या दिवसांत हमो आणि आयु हा नदीतला मासा, शरदात मात्सुताके अळंबी, नोव्हेंबरपासून खेकडा, वसंतात कोवळा बांबू, असा क्रम दोन्ही प्रकारच्या घरांत सारखाच असतो. खेकड्याच्या मोसमात दर चढतात.

आरक्षण हॉटेलच्या कोन्सिएर्जमार्फत (पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्यामार्फत) किंवा संकेतस्थळावरून करावे; ओळखीशिवाय नव्या पाहुण्याला न घेणारी काही घरे आजही आहेत आणि त्यांच्यापाशी हट्ट धरण्यात अर्थ नाही. शेवटच्या दिवसांत रद्द केल्यास बऱ्याच ठिकाणी पूर्ण रक्कम कापली जाते. काउंटरवर उशिरा पोहोचणे हा ऱ्योतेईपेक्षा कितीतरी मोठा दोष ठरतो, कारण सगळी रांग आपल्यासाठी खोळंबते. अत्तर लावून जाऊ नये. त्याने शेजाऱ्याच्याही वाडग्यातला सुगंध मारला जातो. घड्याळ, अंगठ्या आणि फोन त्या उघड्या लाकडावर किंवा उरुशीच्या तबकावर ठेवू नयेत, चरा पडला की तो भरून निघत नाही. गोमांस, कोळंबी-खेकडा किंवा अंडे चालत नसेल, तर ते आरक्षण करतानाच लिहून द्यावे, कारण त्या दिवशीच्या बाजारातून माल मोजक्याच पाहुण्यांच्या हिशेबाने आणलेला असतो आणि खुर्चीवर बसल्यावर सांगितलेल्या अटीसाठी आचाऱ्याच्या हाताशी दुसरे काही उरलेले नसते.